तीन घरं खाली

धुळ्याच्या वाटेवर पारोळं मागं पडलं आणि झुलाल म्हणाला, "गिरधर, माले सूर खाले ऐकू येतस." जीपच्या आवाजात हे फक्त मलाच ऐकू आलं. पुढच्या सीटवर छगन ड्रायव्हरशी केळीच्या भावावरून हुज्जत घालत होता, कारण छगनची जळगावला केळीची वखार आहे आणि जगात दुसरा विषय आहे हे त्याला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. उखर्डू माझ्या शेजारी बेस गिटार गुडघ्यांत धरून झोपला होता. वरणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो थेट जीपमध्ये चढला होता. झुलाल माझ्या समोरच्या आडव्या बाकावर होता, आमचे गुडघे दर खड्ड्याला एकमेकांवर आपटत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मागं पळणाऱ्या रस्त्याकडे, कापसानं भरलेल्या बैलगाडीकडे पाहत तो बोलला होता, जणू हवापाण्याचं काही सांगतोय. मी म्हणालो, "काय म्हणालास?" मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. मी फक्त वेळ काढत होतो.

वेळ काढायचं कारण असं, की सूर खालीच होते. ते मीच खाली आणले होते. दिवाळीपासून, गुपचूप, तीन घरं. गिटारच्या मानेवर पितळी पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला आम्ही घर म्हणायचो, आणि एक घर म्हणजे अर्धा सूर. तीन घरं म्हणजे दीड सूर. एखाद्या उंच माणसाची पँट रोज रात्री बोटभर कापत जावी आणि त्याला कळू नये, असा तो उद्योग होता. मला वाटत होतं, त्याला कळलेलं नाही. मला खरं तर माझ्या हुशारीचा अभिमान वाटत होता, हे आधी कबूल करून टाकतो.

आमच्यात वाद्यं लावायचं काम पहिल्यापासून माझं. एकोणसत्तर साली भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला डेन्झिल नावाचा एक गार्ड ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना त्यानं दोन इलेक्ट्रिक गिटारी, एक बेस आणि एक खोकं भरून विलायती रेकॉर्डी आम्हा चौघांच्या गळ्यात मारल्या. बाकी सगळं दिलं, पण सूर कशावरून लावायचा ते काही सांगितलं नाही. आमच्याकडे पेटी नव्हती. होता तो गिरणीचा भोंगा. दुपारी तीनचा भोंगा झाला की मी जाड तार त्याच्याशी जुळवायचो आणि मग तिच्यावरून बाकीच्या. आमचं सगळं संगीत त्या भोंग्याच्या पट्टीत. मुंबईहून आलेला एक पेटीवाला एकदा आमच्यासोबत वाजवायला बसला आणि दोन मिनिटांत उठला. म्हणाला, तुमची पट्टी ना काळीत ना पांढरीत, तुम्ही फटीत गाता. आम्हाला ती शाबासकी वाटली. पुढं मी टेलिफोन खात्यात लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की रिसीव्हर उचलल्यावर जो आवाज येतो, त्याच्यापेक्षा आमचा भोंगा अगदी केसभर वर आहे. तेव्हापासून मला भोंग्याची गरज उरली नाही. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, आमचं वाजवणं थांबलं, तरी तो सूर नेमका कुठं होता हे सांगू शकणारा जळगावात मी एकटाच माणूस होतो. म्हणूनच मला फसवणं जमलं. झुलालकडे टेलिफोन नव्हता. जामनेरला त्याचा अर्ज सात वर्षांपासून प्रतीक्षा यादीत होता, आणि त्याबद्दल तो मला भेटेल तेव्हा शिव्या द्यायचा.

सप्टेंबरात धुळ्याचे कांतीलाल शेठ जळगावला आले तेव्हा आम्ही चौघांनी सोळा वर्षांत एकत्र वाजवलेलं नव्हतं. कांतीलालचं आग्रा रोडला कापडाचं दुकान. कॉलेजात असताना तो आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचा आणि शिट्ट्या वाजवायचा. आता त्याच्या व्यापारी मंडळाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्याला ऑर्केस्ट्रा नको होता, मुंबईचे कलाकार नको होते, त्याला आम्ही हवे होतो. "ते तापीचं गाणं ऐकायचंय," तो म्हणाला. "माझ्या बायकोला मी ते गुणगुणून दाखवतो, ती म्हणते असं गाणंच नाही." ते गाणं झुलालनं बांधलेलं. तापीना पानीमा चांद हालस, मना गावना रस्ता कोठे चालस. विलायती ठेक्यावर अहिराणी शब्द. त्यातल्या 'कोठे'वर आवाज असा चढायचा की भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये मेमसाहेबासुद्धा नाचायच्या थांबायच्या. त्या गाण्याची रेकॉर्ड कधी निघाली नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या डोक्यात तेवढं ते राहिलं, आणि डोक्यातलं गाणं घासत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत छगनच्या वखारीत पहिली तालीम झाली. पिकत घातलेल्या केळीचा गोड, गुदमरणारा वास, कोपऱ्यात धुरी. मी भोंग्याच्या सुरात तारा लावून नेल्या होत्या. आमची एक रीत होती: गाणं सुरू करायच्या आधी तिघांनी मिळून एकच कॉर्ड छेडायची आणि ती पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. झुलाल डोळे मिटून उभा राहायचा. त्या दिवशीही राहिला. कॉर्ड विरली, त्यानं डोळे उघडले, त्यांत पाणी होतं. मग तो गायला. 'कोठे'वर आवाज फाटला. नुसता फाटला नाही, आतून काही उरलेलंच नाही असा पोकळ आवाज बाहेर आला, जसा रिकाम्या हंड्यात कोणी खोकावं. वीस वर्षं ड्रॉइंग मास्तर म्हणून पोरांवर ओरडला होता, वर तंबाखू. "घरात रंग दिलाय," झुलाल म्हणाला, "घसा धरलाय." ड्रमवर बसलेला छगन झांजेचा स्क्रू आवळू लागला. उखर्डूनं बिडी काढली, मग केळी आहेत हे आठवून परत ठेवली. मला कोणी काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मी तासभर आधी गेलो आणि तिन्ही वाद्यं एक घर खाली लावली.

त्या रविवारी तो चढला. कष्टानं चढला, पण चढला, आणि गाणं संपल्यावर त्यानं गिटारसकट मला मिठी मारली. "अजून शे," तो म्हणाला, "आवाज अजून शे रे." मला त्या क्षणी जे वाटलं ते बायकोला सांगता आलं नाही आणि इथंही नीट सांगता येत नाही. मी त्याला काहीतरी दिलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं. देण्यातलं सगळ्यात गोड देणं ते. पुढच्या रविवारी तो दमला तेव्हा मी अजून एक घर उतरवलं. मग तिसरं. तारा सैल पडल्या तर त्याच्या बोटांना कळेल, म्हणून मी मुंबईहून जाड तारा मागवल्या आणि "या जास्त टिकतात" म्हणून त्याच्या गिटारला चढवल्या. कांतीलालनं मध्येच की-बोर्डवाला आणायची गोष्ट काढली, तेव्हा मी इतका तावातावानं विरोध केला की छगननं माझ्याकडे चमकून पाहिलं. की-बोर्ड खोटं बोलत नाही. झुलालला वाटलं मी जुन्या निष्ठेनं भांडतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं.

"सूर खाले म्हणजे?" मी जीपमध्ये विचारलं.

"म्हणजे खाले. आपन कॉर्ड छेडतस ना, ती माले ओळखीनी वाटत नही. तुम्ही बठ्ठा बरोबर वाजाडतस, मी बी बरोबर गास. पन माले ऐकू येस ते दुसरंच." त्यानं करंगळी कानात घालून हलवली. "पहिलांग वाटनं मळ व्हई. तेल टाकं. मंग जळगावले डॉक्टरकडे गऊ."

"कधी?"

"पंधरा दिन व्हयनात. त्यानी तपासं. म्हने वयमानानं ठीक शे, बाकी गानाबजावनानं माले समजत नही."

तो हसला. मला हसू आलं नाही. तो पुढं सांगत राहिला आणि मला वाटत होतं त्यानं थांबावं. शाळेत प्रार्थनेला पोरं बेसूर होतात तेव्हा तो पूर्वी छडी आपटायचा, आता आपटत नाही, कारण पोरं चुकली की आपला कान चुकला ते त्याला ठरवता येत नाही. पहाटे विहिरीवर तो गायचा, ते बंद केलं. "आवाजनं काय, आवाज शे. देवानी कृपा, अठ्ठेचाळीस वरीसना व्हयनू तरी 'कोठे'वर चढस. पन कान गया ते मंग गावाले काय अर्थ शे? आंधळा मानूस चित्र काढस तसं ते." ड्रॉइंग मास्तर तो, त्याला उपमा तीच सुचणार. मग त्यानं सांगितलं की आजचा कार्यक्रम शेवटचा. बायकोला, सुगंधाबाईला, सांगून झालंय. यानंतर तो गिटारला हात लावणार नाही, घरात गाणार नाही, रेडिओसुद्धा पोराच्या खोलीत ठेवणार आहे. "आज मातर लोक हसाले नको," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मी चुकनू ते माले समजाव नही. तू मना जोडे उभा ऱ्हा. चुकनू का पायले पाय लाव. आज तू मना कान हुई जा."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मुकटीजवळ रस्ता उखडलेला होता, जीप हेलकावे खात होती, आणि मी मनात हिशेब मांडत होतो जो कुठल्याच बाजूनं सुटत नव्हता. त्याचा कान शाबूत होता. शाबूत काय, असा कान मी आयुष्यात पाहिला नाही: कुठल्याही वाद्याचा आधार नसताना, सोळा वर्षांनंतर, हा माणूस बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्यावरून दीड सुराचा फरक पकडत होता. आणि तो पकडल्याबद्दल स्वतःलाच दोषी धरत होता, कारण गिरधर चुकीचा सूर लावेल हे त्याच्या मनाला शिवत नव्हतं. त्याचं बिघडलं होतं ते फक्त गळ्याचं. मी गळा वाचवायला गेलो आणि कान घालवून बसलो. आता खरं सांगायचं तर असं सांगावं लागणार होतं: तुझा कान उत्तम आहे, आवाज गेलाय. नाही सांगायचं तर त्यानं आवाज घेऊन, कान गमावून घरी जायचं आणि उरलेलं आयुष्य मुकं बसायचं. गवयाचं काय गेलेलं बरं, गळा की कान? असा प्रश्न कोणी चहाच्या टपरीवर घातला असता तर मी तासभर वाद घातला असता. समोर झुलाल बसलेला असताना मला घाम फुटला. डिसेंबर होता, ताडपत्रीच्या फटीतून गार वारा लागत होता.

मला राग येत होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. मग कळलं. हेच सगळं एकदा माझ्या बाबतीत झालं होतं. चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस भुसावळला आमचा कार्यक्रम ऐकून गेला आणि पुढं काहीच झालं नाही. आम्ही म्हणालो, मुंबईवाले असेच. आठ वर्षांनी एका लग्नात, जेवणानंतर पान चघळताना, छगनच्या तोंडून निघून गेलं: त्या माणसानं रेकॉर्ड काढायची तयारी दाखवली होती. फक्त म्हणाला होता, लीड गिटारवाला बदला, तो कच्चा आहे. झुलालनं तेव्हाच, त्या माणसासमोर, चहाचा कप खाली ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं. मला कधी बोलला नाही. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जामनेरला गेलो. झुलाल वर्गात फळ्यावर कोयरी काढत होता. व्हरांड्यात येऊन तो म्हणाला, "सांगीसन काय व्हतं? तुले वाईट वाटतं." मी ओरडलो, "वाईट वाटून घ्यायचा हक्क माझा होता. मी बाजूला झालो असतो. निदान शिकलो तरी असतो. तू मला आठ वर्षं कच्चा ठेवलास." पोरं खिडकीत गोळा झाली होती. त्यानंतर चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानं माझ्यासाठी केवढं सोडलं होतं हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मला न विचारता माझ्यावर केलेली दया माझ्या घशाखाली उतरली नाही, अजूनही पुरती उतरलेली नाही. आणि तोच मी, तीन घरं खाली उतरून, स्वतःची पाठ थोपटत जीपमध्ये बसलो होतो.

धुळ्यात पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. एका शाळेच्या मैदानावर मंच बांधला होता. कार्यक्रम सहाला. कांतीलाल सफारी घालून धावत आला, त्याचं टक्कल उन्हात चमकत होतं, आणि आम्हाला खाली उतरूही न देता म्हणाला, "झुलालभाऊ, तापीचं पहिलं घ्या. लोक त्याच्यासाठीच आलेत. शिरपूरहून दोन गाड्या भरून आल्यात." लोक खरंच आले होते. आमच्याच वयाचे, पोट सुटलेले, चष्मे लागलेले. बँकेतला एक अधिकारी झुलालचा हात सोडायला तयार नव्हता. एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला सांगत होती, हे ते, आणि मुलगी या धोतराच्या वयाच्या माणसाच्या निळ्या जीनकडे पाहून हसू दाबत होती. प्रत्येकजण त्याला ते गाणं गुणगुणून दाखवत होता आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. झुलाल मान हलवत ऐकत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तो घाबरलाय: यांतलं बरोबर कोणाचं, हे आपल्याला कळतंय की नाही, याचीच त्याला भीती होती.

मी कांतीलालला म्हणालो, मला एक फोन करायचाय. त्यानं मला मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवलं. मी गिटार घेऊन गेलो, दाराशी बसलेल्या शिपायाला त्याचं नवल वाटलं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. धुळं असो की जळगाव, खातं एक, टोन एक. तो सरळ, कोरडा, कोणाचीही पर्वा न करणारा सूर कानात वाजत राहिला आणि मी जाड तारेची खुंटी फिरवू लागलो. एक घर वर. दोन घरं. तिसऱ्याला जाड तार कुरकुरली, मला वाटलं तुटेल आणि माझी सुटका होईल. तुटली नाही. टोनच्या केसभर वर नेऊन मी थांबलो. माझ्या हातावर काटा आला होता. इतक्या आठवड्यांत मीसुद्धा तो सूर विसरत चाललो होतो, आणि आता तो समोर आल्यावर कळलं की झुलालला काय ऐकू येत नव्हतं. शिपाई म्हणाला, "लागत नाही का नंबर?" मी म्हणालो, "लागला," आणि रिसीव्हर ठेवला.

मग माझ्या गिटारवरून उखर्डूचा बेस लावला. उखर्डू जागा होऊन म्हणाला, "कसाले चढावस? तेच बरं व्हतं." म्हणजे त्याला ठाऊक होतं. "तुले माहीत व्हतं?" मी विचारलं. "मना हातमा बेस शे, भो," तो म्हणाला आणि चहा शोधायला गेला. शेवटी झुलालची गिटार. तो बाहेर लोकांत होता. तिच्या तारा इतक्या ताणल्या की बोट ठेवताच त्याला कळणार होतं. तेव्हाच मी बाहेर जाऊन त्याला बाजूला घेऊन चार शब्द बोलायला हवं होतं. मी दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा तो कोणाला तरी सही देत होता, आणि मी त्याचा बहाणा केला. मी भित्रा माणूस आहे. खुंट्या पिळायची हिंमत होती, तोंड उघडायची नव्हती. दोन हजार माणसांसमोर त्याचा आवाज फाटणार होता आणि तो मी फाडणार होतो. तरी मी तारा परत उतरवल्या नाहीत.

सहाला आम्ही मंचावर चढलो. कांतीलाल माइकवर काहीतरी बोलला, टाळ्या झाल्या. झुलालनं गिटार गळ्यात घातली, डावा हात मानेवर ठेवला, आणि त्याची बोटं थबकली. त्यानं तारा एकदा दाबून पाहिल्या. माझ्याकडे वळणार तोच छगननं काठ्या आपटून इशारा दिला आणि रीतीप्रमाणे आम्ही तिघांनी कॉर्ड छेडली.

झुलालनं डोळे मिटले होते. कॉर्ड मैदानावर पसरत गेली, मागच्या भिंतीवरून परत आली. मी त्याचा चेहरा पाहत होतो. आधी त्याच्या कपाळावरची आठी गेली. मग जबडा सैल झाला. भीती त्याच्या अंगातून उतरताना मला दिसत होती, खांद्यांवरून, हातांवरून, आणि क्षणभर तो तीस वर्षांचा झाला. ओठ हलले, "हाऊच सूर," एवढंच म्हणाला. कॉर्ड विरत आली तसे त्याचे डोळे उघडले आणि तो माझ्याकडे वळला. त्याला सगळं कळलं होतं. कान का बिघडला आणि का सुधारला, जाड तारा कशासाठी, की-बोर्ड का नको. मी मान खाली घातली नाही, एवढंच मला जमलं.

"कितला दिन?" त्यानं माइक हातानं झाकून विचारलं.

"दिवाळीपासून."

"मना आवाजसाठे?"

"हो."

लोक वाट पाहत होते. मागून कोणीतरी शिट्टी मारली. त्याला अजूनही थांबता आलं असतं, दुसरं एखादं सोपं गाणं घेता आलं असतं. त्यानं माइकवरचा हात काढला आणि छगनला मान हलवली. तापीना पानीमा चांद हालस. पहिली ओळ खालच्या सुरांत असते, ती तो असा गायला की पहिल्या रांगेत कांतीलालनं बायकोचा हात धरला. मग दुसरी ओळ. मना गावना रस्ता. मला वाटलं तो 'कोठे' टाळेल, खालून घेईल, लोकांपुढं माइक धरेल. त्यानं तसलं काही केलं नाही. तो पूर्ण छाती भरून वर गेला, जुन्या जागी, नेमका, आणि आवाज फाटला. वखारीत फाटला होता तसाच, आता चार कर्ण्यांमधून, मैदानभर. छगनची काठी चुकली. माझा हात तारांवर थांबला. दूरवरच्या स्टँडवरचा एसटीचा हॉर्न ऐकू आला. कॉलेजातली ती मुलगी आता हसत नव्हती.

झुलाल माइकला धरून उभा होता. त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "आवाज गया, भाऊसहोन. कान शाबूत शेतस."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली, टाळ्या वाजल्या, कोणीतरी ओरडलं, "परत व्हऊ द्या, मास्तर." त्यानं हात वर करून थांबा असं सांगितलं आणि माझ्याकडे चालत आला. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो इतका जवळ आला की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास मला लागला, आणि त्याच्या डोळ्यांत राग होता, खरा, जामनेरच्या व्हरांड्यात माझ्या डोळ्यांत होता तसा.

"आते उतार खाले," तो म्हणाला. "पन मना समोर उतार."

मी जाड तारेची खुंटी धरली. दोन हजार लोक पाहत होते आणि त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. झुलालनं मान वाकवून कान माझ्या गिटारजवळ आणला. मी तार छेडत, खुंटी सोडत गेलो. सूर घसरत खाली आला, एक घर उतरला, आणि मी सवयीनं पुढच्या घराकडे निघालो होतो.

त्यानं माझं मनगट पकडलं.

"बस," तो म्हणाला. "आठेच थांब. इतलं माले जमस."

मी खुंटीवरचा हात काढला आणि दुसरी तार लावायला घेतली.